एकरी २०० टनांचं बेणं आणि आमच्याकडचा पौष महिना

मार्क आधीच देऊन टाकते. सुपर नेपियर गवताच्या बेण्याला पाचपैकी चार. बेण्यासोबत मिळणाऱ्या उत्पादनाच्या तक्त्याला एक, तोही छपाई चांगली आहे म्हणून. आणि हे गवत विकत घेणाऱ्या गॅस प्रकल्पाचा जो खरेदी करार दाखवतात त्याला सध्या काहीच नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या वसमत-अर्धापूर पट्ट्यात असाच तक्ता घेऊन फिरणारे एकापेक्षा जास्त आहेत, त्यामुळं नावापेक्षा तक्ता ओळखता आला म्हणजे झालं.

माल म्हणजे सुपर नेपियर, कागदोपत्री पाकचोंग-१. थायलंडमधून आलेला, हत्ती गवत (म्हणजेच नेपियर) आणि बाजरीच्या घराण्यातला संकर. दूधवाल्यांच्या शेतात हे गेली काही वर्षं आहेच. माझ्याकडं त्याआधीपासून नेपियरच्याच दोन जाती आहेत, राहुरीच्या विद्यापीठाचं फुले जयवंत आणि कोइम्बतूरच्या विद्यापीठाचं को-५, गोठा त्यावरच चालतो. नवं एवढंच की हे गवत आता जनावरांसाठी नाही, गॅससाठी विकलं जातंय. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राची ‘सतत’ योजना आली आणि कॉम्प्रेस्ड बायोगॅसचे (शेण-गवत कुजवून काढलेला गॅस शुद्ध करून दाबानं भरायचा) ५००० प्रकल्प उभे करायचं जाहीर झालं. पुढं गॅस विकणाऱ्या कंपन्यांवर बंधन आलं: सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसच्या खपात २०२५-२६ मध्ये १ टक्का, मग ३, मग ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के वाटा या जैविक गॅसचा हवा. शेण आहे, साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आहे, सोयाबीनचं कुटार आहे, पण वर्षभर एकसारखा मिळेल असा हिरवा माल म्हटला की सगळ्यांची बोटं नेपियरकडं जातात. इथपर्यंत कंपनीचं पत्रक जे सांगतं ते खरं आहे.

त्यांचा प्रतिनिधी आला तो दिवाळी होऊन गेल्यावर, कापूस वेचायला बाया मिळत नव्हत्या त्या दिवसांत. पोरगा बोलायला गोड. गाडीवरून उतरता उतरताच म्हणाला, “ताई, एकदा लावा, सात-आठ वर्षं मागं वळून बघायचं काम नाही.” चार पानी पत्रक, कागद गुळगुळीत. पहिल्या पानावर माणसाच्या दुप्पट उंचीचं गवत आणि त्याच्या पुढं हात उंच करून उभा असलेला शेतकरी. आत तक्ता: दर ४५ दिवसांनी कापणी, वर्षाला ८ कापण्या, कापणीला एकरी २५ टन, एकूण २००. आणि शेवटच्या पानावर बर्फ पडलेल्या शेतात उभं सोनेरी वाळलेलं गवत, वर चंदेरी तुरे, खाली जाड अक्षरात ‘थंडी प्रतिरोधक’.

“दादा, हे गवत कोणतं?” मी विचारलं.

“हेच की ताई.”

“याला असा तुरा येत नाही.”

“फोटो कंपनीकडून आलाय ताई. पण थंडी-गिंडी काही लागत नाही बघा याला. अमेरिकेत बर्फात येतं. गाड्या चालतात त्याच्यावर.”

तो फोटो मिस्कँथस नावाच्या दुसऱ्याच गवताचा होता. मी परभणीला शिकायला होते तेव्हा विद्यापीठाच्या नावात अजून वसंतराव नाईक लागले नव्हते, नुसतं मराठवाडा कृषी विद्यापीठ. चारा पिकांच्या तासाला अर्धा वर्ग पेंगायचा. मला तोच विषय धरून बसावासा वाटायचा, घरी म्हशी होत्या म्हणून असेल. तेव्हापासून गवतांबद्दल जे मिळेल ते वाचत आलेय. म्हणून या फोटोवर थोडं थांबते, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

युरोप-अमेरिकेत जळणासाठी जे गवत लावतात त्यातलं एक मोठं नाव म्हणजे मिस्कँथस जायगँटियस. हा दोन जातींचा संकर, गुणसूत्रांचे तीन संच असलेला, त्यामुळं वांझ. बी धरत नाही, जमिनीतल्या कंदांवरच वाढवावा लागतो. १९३० च्या दशकात जपानमधून डेन्मार्कला गेला आणि तिथून पसरला. याची चाल आपल्या हळदीसारखी आहे. थंडी पडली की पाला वाळतो, वरचं सत्त्व खाली गड्ड्यात उतरतं. वाळलेली धाटं मात्र शेतात उभीच राहतात आणि तिकडचे शेतकरी ती हिवाळा सरताना कापतात. तोवर ओल उडून गेलेली असते, पानं गळून पडलेली असतात, पालाश आणि क्लोरीन पावसानं बरंचसं धुऊन गेलेलं असतं. म्हणजे बॉयलरमध्ये राखेचे खडे कमी होतात आणि जमिनीचं खत जमिनीत राहतं. थंडी हा त्या पिकाचा शत्रू नाही, वाळवणारा गडी आहे. इलिनॉयमधल्या चाचण्यांत या गवताचं सरासरी उत्पादन हेक्टरी ३० टनांच्या घरात निघालं, तेही वाळलेलं. शेजारीच लावलेलं स्विचग्रास १० टनांवर थांबलं. स्विचग्रास म्हणजे ज्याला अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं १९९१ मध्ये इंधनपिकांचा नमुना म्हणून निवडलं होतं आणि ज्याचं नाव धाकट्या बुश यांनी २००६ च्या संसदेपुढच्या भाषणात घेतलं होतं.

आता गंमत बघा. थंडीचं गवत म्हणून मिरवणारं हेच जायगँटियस लागवडीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मरू शकतं. १९९७ मध्ये युरोपात लावलेल्या चाचण्यांत डेन्मार्क आणि स्वीडनमधली त्याची लागवड पहिला हिवाळा काढू शकली नाही. कंदाचं तापमान उणे ३.४ अंशांवर आलं की निम्मे कंद संपतात, असं तेव्हा मोजलं गेलं. ज्या दोन जातींपासून ते झालं त्यातली एक म्हणजे मिस्कँथस सायनेन्सिस. त्याचा एक संकर उणे ६.५ पर्यंत तग धरून राहिला. पण सायनेन्सिसची उंची कमी, उत्पादनही कमी. स्विचग्रासमध्येही हीच कथा. दक्षिणेकडच्या सखल भागातल्या ‘अलामो’सारख्या जाती उंच जातात, उशिरा फुलतात, भरपूर देतात, आणि फार उत्तरेला नेल्या की थंडीनं जातात. उत्तरेकडच्या जाती दिवस लहान व्हायला लागले की लवकर आवरतं घेतात, म्हणून वाचतात, आणि लवकर आवरतं घेतात म्हणूनच कमी देतात. पैदासकारांची सगळी धडपड या दोन टोकांमध्ये आहे: शेवटपर्यंत वाढेल पण मरणार नाही असं गवत काढायचं.

पत्रकवाल्यानं काय केलं, तर फोटो एका टोकाचा घेतला, टनांचा आकडा दुसऱ्या टोकाचा घेतला आणि दोन्ही एकाच पानावर छापले.

नेपियर हे उष्ण मुलखातलं, आफ्रिकेतलं गवत. २५ ते ४० अंशांत ते मस्तीत वाढतं. १५ च्या खाली वाढ जवळजवळ थांबते, १० ला थांबतेच. दव गोठलं तर वरचा पाला करपतो, पण जमीन गोठली नसेल तर बुडख्यातून पुन्हा फुटतं. आमच्याकडं जमीन गोठायचा प्रश्न येत नाही. परभणीचा पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात पहिल्या पानावर येतं, आम्ही शेकोटीला बसतो, अर्धापूरच्या केळीचे घड अडकतात, पण बुडख्याला काही होत नाही. म्हणजे मरायची भीती आम्हाला मुळात नव्हतीच. ‘थंडी प्रतिरोधक’ म्हणून जे विकलं ते आमच्या हवेनं फुकट दिलेलं आहे. आम्हाला हवं होतं ते वेगळं: दहा-बारा अंशांच्या रात्री असतानाही गवतानं वाढत राहावं. ते या बेण्यात नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या जुन्या दोन जातींतही नाही.

का नाही, हे थोडक्यात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी, नेपियर, मिस्कँथस ही सगळी सी-फोर पद्धतीची पिकं. हवेतला कार्बन पकडायचं त्यांचं यंत्र उन्हात आणि उष्म्यात फार जोरात चालतं, पण गारठ्यात त्यातली काही विकरं (एन्झाइम) ढेपाळतात. पीपीडीके नावाचं एक विकर त्यातलं मुख्य. मिस्कँथसचं वैशिष्ट्य असं की गारठा पडला की ते हे विकर पानात जास्त बनवतं, म्हणून १४ अंशांतही त्याची पानं काम करत राहतात, मक्याची लंगडतात. हे इलिनॉयच्याच संशोधकांनी दाखवलेलं आहे. नेपियरची पानं या बाबतीत मक्याच्या बाजूची.

आता बेण्याबद्दल, ज्याला मी चार मार्क दिले. माल खरंच चांगला होता. ओल्या गोणपाटात बांधलेल्या कांड्या, प्रत्येकीला दोन डोळे, डोळे टपोरे आणि खरचटलेले नाहीत, काप तिरपा आणि स्वच्छ. धाट ना कोवळं ना जून. पिठ्या ढेकूण कुठं दिसला नाही. कांडीला दीड रुपया, शेतावर पोच. तीन बाय दोन फुटांवर एकरी सव्वासात हजारांच्या आसपास लागतात, तेवढ्या त्यांनी मोजून दिल्या, वर तुटीसाठी काही जादा. एक मार्क कापला तो भेसळीसाठी. पाकचोंगच्या पानाला कूस नसते असं सांगून विकतात, आणि मधेमधे हाताला चांगलीच चरचरणारी दुसरीच कसलीशी ठोंबं निघाली. बाया कापताना शिव्या देतात, मला नाही, त्या ठोंबांना.

एक सावधगिरी: या संकराचं बियाणं नसतं. बाजरीची गुणसूत्रं १४, हत्ती गवताची २८, संकरात येतात २१, आणि असा विषम हिशेब असला की बी धरत नाही. ‘सुपर नेपियर बियाणे, पाकीट अमुक रुपये’ असं कुणी मोबाईलवर दाखवलं तर पाकिटात दुसरंच काही असणार. कांडी किंवा ठोंब, एवढंच घ्या.

विक्रीच्या वेळेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. “स्टॉक संपतोय, आत्ताच उतरवून घ्या” असा लकडा त्यांनी कार्तिकातच लावला होता. मी म्हटलं, शिवरात्रीला थंडी शिवशिव म्हणत जाते, त्यानंतर गाडी पाठवा. पोरगा नाराज झाला, पण पाठवली. शेजारच्या काकांनी मात्र त्याच आठवड्यात बेणं उतरवून घेतलं आणि लावलं. थंड मातीत डोळा फुगतो, पण फुटत नाही. पाणी देत राहावं तर कांडी आतून लाल पडून कुजते, न द्यावं तर सुकते. माघ निम्मा झाला तरी काकांच्या सऱ्यांमध्ये दात पडल्यासारखी फट दिसत होती, निम्म्याच्या वर डोळे गप्पच. कंपनीला फोन केला तर उत्तर एकच: पाणी जास्त झालं असेल. नांग्या भरायला बेणं पुन्हा विकतच. माझी लागवड त्यांच्यानंतर तीन महिन्यांनी झाली आणि उन्हाळा लागेपर्यंत दोन्ही शेतं एका उंचीला आली, फक्त माझ्याकडं फटी नव्हत्या. थंडीत बेणं विकणं हा धंदा त्यांना परवडतो, कारण उगवण ही त्यांच्या पावतीच्या बाहेरची गोष्ट आहे.

पावसाळ्यात हे गवत बघायला मजा येते, ते मान्य केलं पाहिजे. श्रावणात फुटवा दोन बोटं जाड, पान हाताच्या पंज्याएवढं रुंद, बांधावरून हाक मारली तर आत कापणारी बाई दिसत नाही. एका गुंठ्याचं गवत कापून गावातल्या काट्यावर नेलं तर साडेचार क्विंटलच्या थोडं इकडं-तिकडं भरलं. म्हणजे एकरी १८ टन. तक्त्यातले २५ नाहीत, पण तक्रार करावी असंही नाही. को-५ शेजारीच होतं, ते १५ च्या जवळ गेलं.

मग पौष आला. सकाळी गेलं की पानांवरून दवाचं पाणी नुसतं गळत असतं, साडी गुडघ्यापर्यंत भिजते. दव पुसून पान बघितलं तर शेंडा जांभळट तांबडा, मधली शीर पांढरी आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पिवळेपणाचे पट्टे. जुनी पानं खालून वाळत जातात आणि धाटाला चिकटून राहतात. शेवटच्या कापणीनंतर फुटलेले कोंब विळ्याच्या मुठीएवढे होऊन तिथंच बसलेले. मी एका ठोंबाजवळ बांबू रोवून शेंड्याच्या उंचीला लाल चिंधी बांधली. पंधरवड्यानं शेंडा चिंधीच्या वर एक बोटभर गेला होता. हाच प्रयोग मी श्रावणात केला असता तर चिंधी दुसऱ्या दिवशी शोधावी लागली असती. खत घातलं, त्याचाही काही फरक नाही. मुळं थंड असली की खाणार कोण. केळीवाल्यांसारखं रात्रीचं पाणी दिलं, विहिरीचं पाणी कोमट असतं आणि त्या आठवड्यात लाईटही रात्रीचीच होती. पाला जरा हिरवा राहिला, वजन काही वाढलं नाही. माझ्या जुन्या दोन जातींची अवस्था यापेक्षा बरी नव्हती, हेही सांगते. फुले जयवंत तेवढं डोळ्याला कमी पिवळं वाटलं, पण ते मोजलेलं नाही.

तक्त्यात कार्तिक ते माघ या काळात दोन कापण्या आणि ५० टन लिहिलेत. माझ्याकडं त्या काळात एक कापणी झाली, ती ओढूनताणून फाल्गुनाच्या तोंडावर, आणि गुंठ्याला दीड क्विंटलच्या आत, म्हणजे एकरी पाच-सहा टन. वर्षाचं सगळं जोडलं तर एकरी ८० टनांच्या आसपास. पाण्याची हयगय नव्हती, येलदरी-सिद्धेश्वर धरणांचं आवर्तन वेळेवर आलं होतं, विहिरीनंही साथ दिली होती. कोइम्बतूरच्या विद्यापीठानं को-५ साठी दिलेला आकडा हेक्टरी ३६० टनांचा आहे, एकरी १४५. तिथं जानेवारीतही रात्रीचा पारा १८-१९ च्या फार खाली जात नाही, त्यांना पौष नाहीच. त्यांच्या विद्यापीठाचा आकडा १४५ आणि आमच्या गावातल्या पत्रकाचा २००, यातलं कोण जास्त धीट आहे ते तुम्हीच ठरवा.

आता टन म्हणजे काय, इकडं येऊ. हे हिरवे टन आहेत. मी श्रावणातल्या कापणीतलं दहा किलो गवत कुट्टी करून गच्चीवर ताडपत्रीवर पसरलं, कुरकुरीत होईपर्यंत वाळवलं, पावसाची सर आली की गोळा करून आत, पुन्हा बाहेर. शेवटी काट्यावर ठेवलं तर दोन किलोला थोडं कमी. म्हणजे ट्रॅक्टरमध्ये चार भाग पाणी आणि एक भाग गवत. ८० टन हिरवं म्हणजे वाळलेलं साधारण १५ टन. इलिनॉयचं मिस्कँथस वर्षात एकदाच कापून, हिवाळाभर थंडीत उभं राहून, एकरी १२ टन वाळलेलं देतं. आपण बारा महिने पाणी, खत, मजुरी लावून १५. हा फरक मला वाटला होता त्यापेक्षा फारच कमी आहे. त्यात त्यांचं खत कंदात परत जातं, आपलं मात्र प्रत्येक कापणीला ट्रॅक्टरमधून बाहेर जातं, ते पुन्हा विकत आणायचं. प्रकल्पातून गॅस काढून उरणारी स्लरी (पातळ खत) परत देऊ असं पत्रकात आहे. देतील तर चांगलंच.

गॅसचा हिशेबही करून बघितला. एक टन हिरव्या गवतात २०० किलो कोरडा माल धरला तर त्यातून शुद्ध केलेला गॅस निघेल तो साधारण ३० किलोच्या आगेमागे. ‘सतत’ योजना आली तेव्हा तेल कंपन्यांनी जाहीर केलेला दर होता किलोला ४६ रुपये, पुढं तो वाढला. ४६ नं धरलं तर एका टनाच्या गवतातून प्रकल्पाला गॅसचे १३८० रुपये. मला त्यांनी सांगितलेला गवताचा दर आहे टनाला १००० रुपये. उरलेल्या पैशात वाहतूक, कुट्टी, वीज, कामगार, बँकेचा हप्ता. स्लरी-खताचे पैसे धरले आणि आजचा दर लावला तरी मला हे गणित कसं बसतं ते दिसत नाही. बसायचं असेल तर एकच वाट: पुढं जाऊन गवताचा दर पाडायचा. तेव्हा आपल्याकडं एकरभर असं पीक उभं असेल ज्याला दुसरं गिऱ्हाईक फक्त गोठा आहे.

आणि प्रकल्प किती लांब हे बघा. चार भाग पाणी वाहून न्यायचं असल्यानं वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढं भाडंच गवत खातं. मला दाखवलेल्या जागेवर सध्या तारेचं कुंपण आणि एक फलक आहे.

पाण्याचं फार लिहीत नाही, मराठवाड्यातल्या माणसाला ते सांगायची गरज नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेला हा मुलूख. परळीचं वीज केंद्र पाण्यावाचून बंद पडलेलं आम्ही पाहिलंय. कालव्याखाली नसाल तर वैशाखात हे गवत वाढत नाही, नुसतं उभं राहतं. म्हणजे थंडीचे तीन महिने आणि टंचाईचे दोन-तीन महिने वजा केले की तक्त्यातल्या आठ कापण्यांपैकी हातात काय राहतं ते समजतं.

हिवाळ्याच्या भगदाडाला मी काय करते, कुणी विचारेल म्हणून लिहिते. नेपियरची शेवटची चांगली कापणी दिवाळीच्या आगेमागे उरकते, त्या वेळी बुडखा नेहमीपेक्षा वितीभर उंच ठेवते आणि मग त्याला पौषात हात लावत नाही. त्या काळात जनावरांना रब्बी ज्वारीची कडवळ आणि थोडा लसूणघास. ज्वारीही सी-फोरच, पण आमची मालदांडी पिढ्यानपिढ्या याच थंडीत पेरली जातेय, दहा-बारा अंशांच्या रात्रींत ती नेपियरसारखी हातपाय गाळून बसत नाही. गॅसवाल्यांनी हिवाळ्यातल्या मालासाठी ज्वारीच्या धाटांकडं बघावं असं मला मनापासून वाटतं. थंडीत वाढणारं गवत शोधायला बर्फाचे फोटो कशाला, बांधापलीकडं बघा.

तर ज्यांच्याकडं गोठा आहे, बारमाही पाणी आहे आणि पाच-सात गुंठे मोकळे आहेत त्यांनी हे बेणं जरूर घ्यावं, पण शिवरात्रीनंतर किंवा सरळ मृगावर, आणि भेसळ आधी हात फिरवून बघावी. ज्यांचा गोठा नाही आणि जे नुसत्या कराराच्या भरवशावर हळद मोडून एकरानं लावायला निघालेत, त्यांनी प्रकल्पाची चिमणी उभी राहीपर्यंत हळदच ठेवावी.

पोरगा परवा पुन्हा आला होता, करारावर सही घ्यायला. मी तीन ओळी घालून मागितल्या: वर्षाला आठऐवजी सहा कापण्या धराव्यात आणि हिवाळ्यात माल कमी पडला तर दंड नसावा, भाव हिरव्या वजनावर न देता कोरड्या मालावर द्यावा, म्हणजे पावसात भिजलेल्या गवताचा वाद उरणार नाही, आणि पुढची पाच वर्षं दर कशाला बांधलेला असेल ते आकड्यात लिहावं. त्यानं वहीत उतरवून घेतलं. “आठाच्या सहा कापण्या केल्या तर आमचं टार्गेट कसं बसणार ताई?” म्हणाला. मी म्हटलं, टार्गेट तुमचं आहे, पौष माझा आहे. चहा पिऊन गेला. पत्रक मात्र विसरला नाही, नवीन छापलेलं होतं. बर्फाचा फोटो तसाच आहे, आकडा आता २२० झालाय.